सरवा

भुईमूग काढून झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या रानात बाया-पोरं सरवा वेचायला येत. मातीत राहिलेल्या शेंगा खुरप्यानं उकरायच्या आणि ओट्यात टाकायच्या. भाताच्या रानात पडलेल्या लोंब्या गोळा करायच्या. ज्यांना रान नव्हतं त्यांच्या घरात त्यावर बरेच दिवस निघायचे. सरव्याला कुणी चोरी म्हणायचं नाही. पण त्याचेही नियम होते, आणि ते कुठं लिहिलेले नव्हते. मालकाचा माल घरी गेल्याशिवाय रानात पाय टाकायचा नाही. अंधारात यायचं नाही. बांधावर मालक दिसला तर "सरवा वेचू का हो?" म्हणून विचारायचं. तो "वेचा की" म्हणायचा. नाही म्हणणारा मालक मी क्वचितच बघितला, पण न विचारता शिरणारी बाईही क्वचितच बघितली. एका शब्दाचं काम. त्या एका शब्दामुळं ती चोरी होत नव्हती.

हे सगळं आठवायचं कारण एक फोटो आहे. फोटो माझा आहे आणि त्यात मी रडतोय.

माझ्या थोरल्या भावाची नात कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठात एम. ए. करते. फोटो काढणं हा तिचा विषय नव्हे. दोन उन्हाळी सुट्ट्यांत एका दुकानात काम करून तिनं पैसे साठवले आणि कुणाचा तरी वापरलेला कॅमेरा घेतला. दोन वर्षांमागं मृगाच्या तोंडावर ती गावी आली आणि जेवताना म्हणाली, "आबा, मला वर्षभर आपल्या वाडीतल्या गोठ्यांचे फोटो काढायचेत. रिकामे होत चाललेल्या गोठ्यांचे."

तिच्या बापानं विचारलं, "मार्काला हाय काय ते?"

"नाही."

"मग सरांनी सांगितलंय?"

"कुणीच नाही सांगितलं. माझं मीच ठरवलंय."

बापानं ताटातला भात कालवला आणि गप्प बसला. कुणी न सांगता, मजुरी न मिळता करायचं काम आमच्या घरात त्याआधी एकच झालं होतं, ते म्हणजे माझं लिहिणं. अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी आली त्या सुरुवातीच्या काळात मी दहावी झालो, पुढं शिकलो नाही. वही घेऊन बसलो की आमचे आण्णा म्हणजे माझे वडील असेच बघायचे. म्हणून मी पोरीच्या बाजूनं बोललो. म्हटलं, "काढू दे की. आपलं काय जातंय?"

काय जातंय ते पुढं कळलं.

आमची वाडी मलकापूरच्या पश्चिमेला, आंबा घाटाच्या अलीकडं. चार महिने नुसता पाऊस. भात, नाचणा, आणि पाणी पोचेल तिथं आता ऊस. मी लहान असताना घरटी जोडी नसली तरी घरटी एक बैल असायचाच. दोन घरं सावड करून जोडी जुंपायची. बेंदराला अख्खी वाडी घुंगरांनी वाजायची. पॉवर टिलर आले तशी दावणी मोकळ्या होत गेल्या. पोरगी कॅमेरा घेऊन आली तेव्हा वाडीत तीन जोड्या होत्या. त्यातली एक माझी, हरण्या आणि पाखऱ्या.

पहिल्या महिन्यात तिनं शेकड्यानं फोटो काढले. चिखलणी, तरवा, इरलं घेतलेल्या बाया, धुक्यात उभा बैल. लॅपटॉपवर एकेक दाखवत होती. फोटो देखणे होते. मी म्हटलं, "बाळा, हे सगळं कॅलेंडरात शोभंल."

तिला राग आला. दोन आठवडे फिरकली नाही. मग एका शनिवारी आली ती कॅमेरा न घेता. म्हणाली, "आबा, मी शेण काढते." कुठल्या पुस्तकात वाचलं की तिचं तिलाच सुचलं, मी विचारलं नाही. त्या पावसाळ्यात जमेल तेव्हा येऊन तिनं शेण काढलं, वैरण टाकली, गोठा झाडला. मग हळूच कॅमेरा परत आला, आणि फोटो बदलले. वर्षानुवर्षं बैलांच्या माना घासून गव्हाणीचं लाकूड कसं गुळगुळीत झालंय, खुंट्याभोवती जमिनीला कसा खड्डा पडलाय, सकाळी कौलाच्या फटीतनं उजेडाची तिरीप नेमकी कुठं पडते, हे तिला आता ठाऊक होतं. मोकळ्या गोठ्यात लावलेली मोटारसायकल तिनं टिपली. बेंदराची जुनी झूल पांघरलेला पॉवर टिलर टिपला.

फोटोबरोबर ती वहीत लिहायची. गोठा कुणाचा, कधी मोकळा झाला, का झाला. ह्या 'का'ची उत्तरं घरोघरी वेगळी निघाली. कुणाची पोरं मुंबईला गेली, कुणाला वैरण पुरेना, कुणी लेकीच्या लग्नाला विकली, कुणाचा बैल साप चावून मेला आणि एकट्या राहिलेल्याला जोड मिळाली नाही. कुणी सरळ सांगितलं, कटाळा आला. शहरातला माणूस एकच उत्तर धरून येतो. ही पोरगी दारोदार विचारत गेली, हे मला आवडलं होतं.

त्या वर्षी सुगी उरकली आणि मीही माझी जोडी विकली. दोन्ही गुडघे गेले होते. उठबस होईना. मुलगा शिरोलीला एमआयडीसीत, त्याला रोज वाडीला येणं शक्य नाही. विशाळगडाच्या बाजूचा एक ओळखीचा शेतकरी घ्यायला तयार झाला. माणूस चांगला. डोंगरातल्या त्याच्या तुकड्यांत यंत्र चढत नाही, त्याला बैलच लागतात. माझी खातरी होती की बैल चांगल्या दावणीला चाललेत.

मंडळींनी बैलांना हळदकुंकू लावलं, भाकरी चारली. आमच्यात जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. दावणीची बरकत दाव्याबरोबर जाते म्हणतात. म्हणून नवी दावी घालून जुनी मी काढून घेतली. टेंपो लागला होता. सगळे तिकडं फळी लावत होते. मी गोठ्यात एकटा होतो असं मला वाटलं. पाखऱ्याच्या मानेत तोंड घातलं आणि मला आवरलं नाही. पोरगी दाराच्या आड उभी होती. मला कसलाच आवाज आला नाही.

तीन आठवड्यांनी ती छापलेले फोटो घेऊन आली. ओसरीवर मांडत गेली, एक उचलून इथं ठेव, एक उचलून तिथं ठेव. शेकड्यांतनं पंचवीस निवडायचे आणि ते कशाच्या मागं काय असे लावायचे, हे काढण्याइतकंच अवघड काम असतं असं ती सांगत होती. बियाणं निवडताना आपण कणीस बघतो, नुसता दाणा बघत नाही, तसंच काहीसं. मग तिनं पिशवीतनं शेवटचा काढला आणि मधोमध ठेवला.

पाखऱ्याची मान, तिच्यात अर्धा बुडालेला माझा चेहरा. टोपी सरकलेली. हातात दोन जुनी दावी. उजेड नेमका हातावर.

"आबा, ह्या फोटोभोवतीच बाकीचे सगळे उभे राहतात," ती म्हणाली.

मी म्हटलं, "काढून टाक."

पहिलं कारण लाजेचं. आमच्याकडचा बाप्या रानात रडतो, विहिरीवर रडतो, घरात नाही. मंडळींनीही मला तसं बघितलं नव्हतं. पण दुसरं कारण मला जास्त मोठं वाटत होतं. म्हातारा शेतकरी, रडतोय, बैल चाललाय, एवढं दिसलं की बघणारा म्हणणार, झालं, कर्ज, सावकार, उद्या फास. पेपरात रोज तेच छापून येतं आणि ते खोटं नाही. पण माझं ते नव्हतं. माझे गुडघे गेले होते. माझ्या रडण्यावर दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट चिकटवली जाणार होती.

पोरगी वादाला बसली. तिनं मला अमेरिकेतल्या एका फोटोची हकीकत सांगितली. १९३६ साली डोरोथिया लँग नावाची बाई सरकारी कामावर शेतमजुरांचे फोटो काढत हिंडत होती. कॅलिफोर्नियात निपोमो इथं वाटाणा तोडणाऱ्या मजुरांचा तळ होता. थंडीनं पीक गेलेलं, हाताला काम नाही. एका राहुटीत बत्तीस वर्षांची बाई लेकरांना घेऊन बसली होती. लँग जवळ गेली, मोजके फोटो घेतले आणि नाव न विचारता गेली. मांडीवर तान्हं, दोन बाजूंनी दोन पोरं तोंड लपवून उभी, आईचा हात गालाशी. हा फोटो जगभर गेला. तो छापून आल्यावर त्या तळावर सरकारनं वीस हजार पौंड अन्न धाडलं. तोवर ती बाई लेकरांना घेऊन पुढच्या कामाला निघून गेली होती.

तिचं नाव लोकांना कळलं ते १९७८ साली. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. बेचाळीस वर्षं तिचा चेहरा सगळ्यांना ठाऊक आणि नाव कुणालाच नाही. ती म्हणाली होती की तो फोटो काढला नसता तर बरं झालं असतं, त्यातला एक पैसाही मला मिळाला नाही. गाडीचे टायर विकून त्यांनी अन्न घेतलं, असं लँगनं लिहून ठेवलं होतं. घरच्यांनी सांगितलं, तसं घडलंच नव्हतं.

"बघ," मी म्हटलं, "मी तेच म्हणतोय."

"पुढचं ऐका की. १९८३ साली ती आजारी पडली. दवाखान्याला पैसे नव्हते. तेव्हा लोकांनी पस्तीस हजार डॉलरच्या वर मदत पाठवली. ती का पाठवली? त्या फोटोमुळं."

आता ह्याच्यावर काय बोलायचं? फोटोनं तिचं भलं केलं की वाटोळं? दोन्ही केलं. न विचारता घेतलेल्या गोष्टीनं एखाद्याचं भलं झालं तर ती चोरी उरत नाही काय? मला तसं वाटत नाही. कुणी माझ्या रानातल्या शेंगा रातोरात नेल्या आणि उपाशी लेकरांना खायला घातल्या, तर मी तक्रार करणार नाही. पण त्यानं विचारलं होतं, असंही म्हणणार नाही.

मग ती म्हणाली, "आबा, विचारलं असतं तर तुम्ही काय केलं असतं? टोपी सरळ केली असती. डोळे पुसले असते."

हे खरं होतं. आमच्या आण्णांचा एकच फोटो घरात आहे, मलकापुरात स्टुडिओत काढलेला. कोट दुसऱ्याचा, मागं पडद्यावर बाग रंगवलेली, आण्णा खुर्चीत ताठ. पायात वहाण नव्हती म्हणून पाय मागं ओढलेत. त्या फोटोत कोट आहे, बाग आहे, आण्णा नाहीत. आण्णांना विचारून काढलेला फोटो तो असा.

तिनं आणखी एक सांगितलं. सावकाराच्या तावडीत सापडून जमीन गमावलेला शेतकरी पडद्यावर आणायचं धाडस पहिल्यांदा आपल्या कोल्हापुरातच झालं. बाबूराव पेंटरांनी १९२५ साली 'सावकारी पाश' काढला, त्यात तरुण शेतकऱ्याचं काम व्ही. शांताराम यांनी केलं होतं. बाबूरावांनी कॅमेराही कोल्हापुरातच तयार करून घेतला होता. मी म्हटलं, "तिथं रडायचं ते ठरवून रडले असतील. काम म्हणून. त्यात कुणाची चोरी नाही."

"म्हणजे रडायचं सोंग चालतं, खरं रडणं नाही?"

मला उत्तर सुचेना. विचारलं तर खरं पळतं, न विचारलं तर चोरी. ह्या दोन दगरींत मी अडकलो होतो, आणि राग तिच्यावर काढत होतो.

तेव्हा ती जे बोलली त्यानं मी गप्पच झालो. आवाज न चढवता म्हणाली, "तुम्ही आण्णा-पणजोबांच्या कर्जाबद्दल लिहिलंत. आक्काआजीची शाळा सुटली ते लिहिलंत. त्यांना विचारलं होतं?"

माझं पहिलं पुस्तक निघालं तेव्हा आण्णा जाऊन खूप वर्षं झाली होती. पण आक्का आहे. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, बांबवड्याच्या पुढं एका गावात दिली आहे. पुस्तकात तिच्यावर एक लेख आहे. माझ्यामागच्या भावंडांना सांभाळायला आणि म्हशी राखायला तिला चौथीतनं काढली, म्हणून मी दहावीपर्यंत जाऊ शकलो. बऱ्याच जणांनी पत्रं लिहून कळवलं की तो वाचताना डोळ्यांत पाणी आलं. पुस्तक मी आक्काला नेऊन दिलं होतं. तिनं ते कपाळाला लावून देवळीत ठेवलं. तिला वाचायला येईना झालंय हे मला ठाऊक होतं. वाचून मात्र मी दाखवलं नाही. आता कबूल करतो, मला धीर झाला नव्हता. तिच्या दुःखावर मला शाबासकी मिळाली होती.

त्या आठवड्यात मी एसटीनं आक्काकडं गेलो. ती सुपात तांदूळ निवडत होती. मी पुस्तक उघडलं आणि वाचायला लागलो. लेखात असं आहे की नाव काढलं त्या दिवशी आक्का कणगीमागं बसून रडली, आणि तिची पाटी तिनं मला दिली. पुढं ती पाटी ओढ्यात पडून माझ्या हातून फुटली.

आक्काचा हात सुपात थांबला. "म्या कुठं रडलो रं?" ती म्हणाली. आमच्याकडं बायाही 'आलो-गेलो'च म्हणतात. "म्या रडलो न्हाई. म्या तुला शिव्या दिल्या. आनि पाटी म्याच फोडली. दगडावर आपटून. तुला मिळू ने म्हणून."

ते ऐकलं आणि खळ्याच्या कडेचा तो दगड माझ्या डोळ्यांपुढं उभा राहिला. खरंच, ओढा नव्हताच. पन्नास वर्षांत माझ्याच मनानं तिला गरीब गाय करून टाकली होती, म्हणजे मला तिची दया करता यावी. रागावलेली, पाटी फोडणारी नऊ-दहा वर्षांची पोरगी मला परवडली नसती. तिचा राग माझ्यावर होता.

"मग आता हे बदलू?" मी विचारलं.

"बदल की. पाटी फोडली हुती म्हणून लिव." ती हसली. मग लेखातल्या दुसऱ्या एका गोष्टीवर म्हणाली, "ती मात्र काढ."

"का गं?"

"माझी हाय ती."

परत येताना एसटीत माझ्या ध्यानात आलं की मी पोरीला सांगत होतो त्यातलं अर्धं चुकीचं होतं. विचारलं की खरं पळतं, असं आम्ही दोघंही धरून बसलो होतो. कॅमेऱ्यापुढं आधी विचारलं तर माणूस टोपी सरळ करतो, हे खरं आहे. पण नंतर विचारता येतं की. काढलेलं, लिहिलेलं त्या माणसापुढं घेऊन बसता येतं, आणि त्याला नाही म्हणायची सवड देता येते. आक्काला विचारायला मी उशीर केला म्हणून पुस्तकात खोटं छापलं गेलं. विचारलं तेव्हा खरं आलं. सरव्यातही असंच होतं. शेंगा आधीच मातीत पडलेल्या असतात, त्या कुणी मुद्दाम पाडत नाही. घरी न्यायच्या आधी मात्र विचारायचं.

पोरीला मी हे माझ्या भाषेत सांगितलं. ती विचार करत राहिली. म्हणाली, "मग सगळ्यांनाच दाखवायला पाहिजेत." तिच्या अभ्यासात पी. साईनाथ यांचं नाव होतं. त्यांनी १९९३ ते २००२ ह्या काळात दहा राज्यांत कष्ट करणाऱ्या बायकांचे फोटो काढले, आणि ते नुसत्या शहरातल्या दालनांत न ठेवता एसटी स्टँड, कारखान्याची दारं अशा ठिकाणी लावले, म्हणजे ज्यांचं काम त्यात आहे त्यांना ते बघता यावं. ती म्हणाली, "आपण तुमच्या गोठ्यात लावू."

गोठा मोकळाच होता. आम्ही तो सारवला. सुंभ ताणून कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी फोटो अडकवले. संध्याकाळी वाडी आली. प्रत्येकानं आधी आपला गोठा शोधला. एकजण म्हणाला, "माझ्या गव्हाणीत ही मोटारसायकल बरी दिसत न्हाई गा," आणि थोड्या वेळानं म्हणाला, "राहू दे, हाय ते हाय." एका म्हाताऱ्यानं वहीतली तारीख चुकल्याचं सांगितलं. पोरगी प्रत्येकाला विचारत होती आणि वहीत खूण करत होती.

एका बाईनं नाही म्हटलं. मोकळ्या गव्हाणीला टेकून ती दुपारची झोपली होती, तोंडावर कौलातला उजेड. साऱ्या फोटोंत तो उजवा होता, मला त्यातलं काही कळत नाही तरी एवढं कळलं. ती म्हणाली, "पोरगं पुण्याला हाय. त्यानं बघितलं तर म्हणंल, आई उपाशी झोपली हुती." पोरीनं फोटो सुंभावरनं काढून तिच्या हातात दिला. रात्री आमच्या ओसरीवर पोरगी फार रडली. वर्षभर केलेल्या कामातलं सगळ्यात चांगलं गेलं होतं, आणि तसा उजेड, तशी झोप पुन्हा मिळणार नव्हती. मी तिची समजूत घातली नाही. विचारायचं म्हटलं की नाही ऐकायची तयारी ठेवावी लागते, आणि त्याची किंमत खरोखरच भरावी लागते. ती भरायची नसेल तर विचारणं नुसतं तोंडदेखलं.

माझ्या फोटोला मी हो म्हटलं. पण खाली काय लिहायचं ते मी सांगणार, अशी अट घातली. मी सांगितलं, "लिही. हरण्या आणि पाखऱ्या गेले त्या सकाळी. गुडघ्यांमुळं विकले. कर्ज नव्हतं."

तिनं लिहिलं. पेन थांबवून म्हणाली, "आबा, 'कर्ज नव्हतं' कशाला? ज्यांना असतं त्यांनी काय लाजायचं?"

मी आण्णांच्या फोटोकडं बघितलं. दुसऱ्याचा कोट, मागं ओढलेले पाय. आण्णांवर कर्ज होतं आणि ते मी पुस्तकात छापलंय. माझ्यावर नाही, हे मात्र मला चार लोकांना ओरडून सांगायचं होतं. खोटी गोष्ट चिकटू नये म्हणून मी अडलो होतो, असं मी समजत होतो. त्यात खरेपणाची चाड किती आणि अंग काढून घेणं किती, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

"काढ ते," मी म्हटलं. बाकीचं राहिलं.

आण्णांना आता विचारता येत नाही. त्यांच्यावरचा लेख पुढच्या आवृत्तीत ठेवावा की काढावा, ह्यावर मी बरेच दिवस घोटाळलोय. मेलेल्या माणसाच्या रानात सरवा वेचायला कुणाला विचारायचं? त्यांच्या बाजूनं बोलेल असं आक्काखेरीज कुणी उरलं नाही. तिला मी तो लेख वाचून दाखवणार आहे, आणि ती सांगेल तसं करणार आहे.

पोरीला हे फोटो कोल्हापुरात दसरा चौकात शाहू स्मारकच्या कलादालनात लावायचेत. अजून ठरलेलं नाही, पैसे जमवतेय. मधे आक्का येऊन गेली. माझ्या फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली. रडण्याबद्दल काहीच बोलली नाही. म्हणाली, "दावी ठिवलीस न्हवं? बरं केलंस."

हा लेखही छापायला देण्याआधी मी त्या दोघींना वाचून दाखवला. पोरीनं दोन ठिकाणी दुरुस्ती केली. आक्कानं एक वाक्य काढायला लावलं, ते काढलंय.